आधी ऊन अडवा, मग एसी लावा

मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरचा पारा ४३-४४ अंशांवर चढला की घरातली बरीचशी वीज एकाच कामाला लागते: आत शिरलेली उष्णता बाहेर काढणे. हे काम महागडे आहे. त्यापेक्षा उष्णता आत येऊच न देणे कितीतरी स्वस्त पडते.

वरच्या मजल्यावर ती मुख्यतः छतातून येते. सिमेंटची स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती धग खोलीत सोडत राहते. गच्चीला पांढऱ्या चुन्याचा हात दिला, तर उन्हाचा मोठा हिस्सा आल्या पावली परत जातो. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावला, तरी ऊन काच ओलांडून आलेले असते आणि तापलेला पडदा खोलीच तापवतो. म्हणून आडोसा काचेच्या बाहेर हवा.

यानंतर वैदर्भीयांचा हक्काचा कूलर. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता हवेतून शोषली जाते. हवेत आर्द्रता १५ टक्के असेल, तर ४३ अंशांची हवा ओल्या ताट्यांतून येताना २७-२८ अंशांपर्यंत उतरू शकते. पंखा आणि पंप मिळून कूलर साधारण १५०-२०० वॅट घेतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना सुमारे १५०० वॅट. मात्र कूलर लावल्यावर समोरची खिडकी उघडी हवी. दमट हवेला वाट मिळाली नाही, तर बाष्पीभवन मंदावते आणि खोलीत नुसता चिकचिकाट उरतो. मुंबई-कोकणात हवाच दमट असल्याने तिथे कूलरचे फारसे चालत नाही.

एसी लावायचाच, तर २४ अंशांवर. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार २०२० पासून खोलीचे एसी याच तापमानावर सुरू होतात. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, कारण आतबाहेरचा फरक जितका कमी, तितकी कमी उष्णता भिंतींतून झिरपते. सोबत पंखा फिरू द्या. त्याच्या वाऱ्याने घाम लवकर सुकतो, म्हणून २६ अंशही सुसह्य होतात. पण पंखा खोली थंड करत नाही. खोलीत कुणी नसेल तर तो बंदच हवा. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा साधारण ३० वॅट.

गाडीलाही हेच लागू. उन्हात उभ्या गाडीत बसताच एसी लावण्याआधी दोन मिनिटे दारे उघडी ठेवा, कोंडलेली धग फुकटात निघून जाते. समृद्धी महामार्गावर मात्र काचा बंद ठेवा. भरधाव गाडीच्या उघड्या खिडक्या हवेचा अडथळा वाढवतात. हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरऐवजी १२० ने गेलात, तर दर किलोमीटरला हवा कापण्यासाठी सव्वादोन पट ऊर्जा लागते. टायरमध्ये हवा कमी असेल, तर टायर जास्त दबतो, तापतो, इंधन खातो आणि तापल्या काँक्रीटवर फुटूही शकतो. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासावी.

विदर्भाच्या उन्हाळ्यातली पुष्कळशी वीज चंद्रपूर, कोराडीत कोळसा जाळून तयार होते. त्या धुराची झळ याच भागातल्या माणसांना बसते. म्हणून यंदा नव्या एसीची चौकशी करण्याआधी गच्चीला चुना लावा आणि पश्चिमेच्या खिडकीबाहेर ताटी बांधा. एवढे केल्यावर कदाचित एसी लागणारच नाही. लागलाच, तर लहान पुरेल.