वनस्पतीतील गुण आणि रोग्याचे औषध

गेल्या महिन्यात आमच्या पेठेतील एक गृहस्थ कापडाची पुरचुंडी घेऊन माझ्याकडे आले. तीत वाळलेल्या लाकडाचे व सालीचे तुकडे होते. त्यांच्या मातोश्रींना गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचे निदान नुकतेच झाले होते, आणि उपचार त्याच आठवड्यात सुरू व्हावयाचे होते. ते म्हणाले, "गुरुजी, हा नरक्या. चीनमधल्या आनंदवृक्षात जे द्रव्य सापडले, तेच यातही आहे म्हणतात. मग आईला इस्पितळाच्या यातना कशाला? काढाच करून देऊ ना?"

प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. त्यातील अर्धी माहिती अगदी खरी होती, आणि धोका होता तो त्यातच. उरलेली अर्धी माहिती आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

दक्षिण चीनमध्ये 'शी-शू' नावाचा वृक्ष होतो. आनंदवृक्ष तो हाच. त्याच्या लाकडातून व सालीतून कँप्टोथेसिन नावाचे द्रव्य वेगळे करून त्याची घडण अमेरिकेतील दोघा रसायनशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. एक मन्रो वॉल व दुसरे मनसुख वाणी. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. १९२५ साली तेथे जन्मून व मुंबई विद्यापीठात शिकून ते परदेशी गेले. याच जोडीने पुढे १९७१ साली टॅक्सॉल हे दुसरे कर्करोगनाशक द्रव्य उजेडात आणले. १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी व विश्वनाथन यांना कँप्टोथेसिन आपल्या पश्चिम घाटातील एका लहानशा झाडातही आढळले. ते झाड म्हणजे नरक्या. त्याच्या दुर्गंधामुळे कोणी त्यास घाणेरा म्हणतात, तर कोणी अमृता. एकाच झाडाच्या नावांत नरक आणि अमृत दोन्ही यावेत, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

आता हे द्रव्य करते काय, ते पाहू. आपण सोलापूरकर सुताच्या व्यवहारात वाढलेली माणसे. दोन पदरी पिळाचे सूत मधूनच उकलू लागलो, तर पुढचा पीळ अधिकच घट्ट होत जातो, हे आपणांस ठाऊक आहे. शरीरातील पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातील आनुवंशिक सूत्राची नक्कल व्हावी लागते, आणि त्यासाठी ते सूत्र उकलावे लागते. तेव्हा पेशीतील एक विकर दोहोंपैकी एक पदर क्षणभर कापते, पीळ सोडविते आणि पदर पुन्हा सांधते. कँप्टोथेसिन नेमके या कापलेल्या जागी अडकून बसते व सांधा होऊ देत नाही. नक्कल तेथवर पोहोचली की सूत्र तुटते आणि पेशी मरते. हे मर्म १९८५ साली उलगडले.

कर्कपेशी सतत दुभंगत असतात, म्हणून त्यांना हा मार अधिक बसतो. परंतु अस्थिमज्जेतील, आतड्याच्या अस्तरातील आणि केसांच्या मुळांतील पेशीही सतत दुभंगत असतात. त्यांचीही त्यातून सुटका नाही. तात्पर्य, हे द्रव्य मुळात विष आहे, आणि त्याचे औषध होते ते केवळ मापाने.

ते माप सापडावयास तीस वर्षे लागली. कँप्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून त्याचा विरघळणारा क्षार करून १९७० च्या सुमारास तो रोग्यांना देऊन पाहिला. क्षारात त्याचा जोर ओसरला, परंतु मूत्राशयात ते पूर्वरूप धारण करी. मूत्राशयातून रक्त जाऊ लागले, रक्तपेशी घटल्या, आणि प्रयोग थांबवावे लागले. पुढे त्याच्या घडणीत फेरफार करून टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे तयार झाली. त्यांना अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. टोपोटेकॅन शिरेतून देताना शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला दिवसास दीड मिलिग्रॅम एवढीच मात्रा सामान्यतः धरतात, आणि रक्त तपासल्यावाचून पुढचा फेरा देत नाहीत. बळावलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही आता त्याचा उपयोग करतात.

या कसोटीवर काढा लावून पाहावा. नरक्याच्या वाळल्या लाकडात हजार भागांत सुमारे एक-दोन भाग कँप्टोथेसिन, तेही झाडागणिक निराळे. त्यातले पाण्यात किती उतरले, हे कोण सांगणार? कमी उतरले तर रोगाचे काहीच बिघडत नाही; अधिक उतरले तर रोग्याचे बिघडते. शिवाय सह्याद्रीत या झाडाची चोरटी तोड चालते, तिलाही आपली पुरचुंडी हातभार लावते.

सर्वांत मोठी हानी मात्र वेळेची. या बाबतीत आपल्या जिल्ह्याने जगास धडा दिला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या व परदेशी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर एक अभ्यास केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या या स्त्रियांच्या निरनिराळ्या गटांना निरनिराळ्या तपासण्या देण्यात आल्या. ज्या गटाला विषाणूची तपासणी एकदाच देऊ केली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, कोणतीही तपासणी न दिलेल्या गटाच्या मानाने, जवळजवळ निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. रोग वेळीच हाती लागला व त्यावर तात्काळ उपाय झाला, याचेच ते फळ होते.

वनस्पतींचा अनादर करावा, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. नरक्यात गुण आहे. परंतु गुण म्हणजे औषध नव्हे. त्या दोहोंमधील तीस वर्षांचे अंतर आपल्या चुलीवर एका रात्रीत कापता येत नाही.

एवढे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले. ते बराच वेळ स्तब्ध होते. मग म्हणाले, "आईला काय सांगू?" मी म्हटले, "झाडाचा गुण इस्पितळातही आहे, तेथे तो मोजून देतात, एवढेच सांगा." पुरचुंडी माझ्या मेजावर ठेवून ते उठले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मायलेक बार्शीस गेली.