हँडब्रेकची केबल उष्णतेपासून कशी वाचवावी?

हँडब्रेक धरत नाही किंवा सुटत नाही, अशी तक्रार आली की गॅरेजवाले बांधव बहुधा केबल ताणून देतात, नाही तर नवी टाकतात. काही महिन्यांनी तीच गाडी पुन्हा दारात उभी राहते. अशा वेळी केबलला दोष देण्याआधी आपण तिच्या शेजारून जाणारा सायलेन्सरचा पाइप पाहिला पाहिजे.

केबलच्या आत पोलादी तारांची दोरी असते. ती प्लॅस्टिकच्या अस्तरातून सरकते. अस्तरावर गुंडाळलेल्या तारेचे कवच आणि त्यावर पुन्हा प्लॅस्टिकचे आवरण असते. पॉलिथीन सुमारे १३० अंश सेल्सियसला वितळते, नायलॉन २२० ते २६० अंशांच्या दरम्यान. मुंबईसह चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. चालत्या गाडीत हा डबा ४०० अंशांच्याही वर तापतो. प्लग मिस करत असेल तर न जळालेले पेट्रोल त्यात जाऊन पेटते आणि उष्णता आणखी वाढते. म्हणून मिसफायर आधी दुरुस्त करावा.

ही उष्णता अडवण्यासाठी कंपनीने पाइपाजवळ पातळ पत्रा बसवलेला असतो. त्याची चकाकी उष्णता परतवते आणि मधली हवेची पोकळी तिला पुढे जाऊ देत नाही. पण बोल्ट गंजले की पत्रा खडखडतो. ग्राहक आवाजाला कंटाळतो आणि कारागीर पत्राच उपटून टाकतो. आवाज बंद, ग्राहक खूश. पण केबल त्या दिवसापासून भाजू लागते. अस्तर वितळते, ग्रीस सुकते आणि तार जागीच अडकते. मग ब्रेक नीट सुटत नाही, मागचे लायनर घासून चाक तापते. किंवा घाटाच्या उतारावर उभी केलेली गाडी घरंगळते. अशा गाडीत मुलेबाळे बसलेली असू शकतात.

वास्तविक इलाज स्वस्त आहे. बोल्टाचे भोक गंजून मोठे झाले असेल तर रुंद वॉशर टाकून पत्रा कसावा, किंवा लांब लोखंडी क्लिपने बांधावा. तो पाइपाला चिकटवू नये आणि त्यावर काळा रंग किंवा डांबर फासू नये. सायलेन्सर लटकवणारे रबर तुटले असेल तर बदलावे, नाही तर पाइप झोके खात केबलला टेकतो. केबलच्या सुटलेल्या क्लिपा धातूच्याच बसवाव्यात. सुतळी किंवा प्लॅस्टिकची पट्टी तेथे टिकत नाही. बाजारातला दुसऱ्या मापाचा पाइप बसवल्यावर केबलपासूनचे अंतर मूळ अंतराइतके आहे का, ते पाहावे. जागा अपुरी असेल तर ॲल्युमिनियम मढवलेली काचतंतूंची नळी केबलवर चढवावी. चिंधी किंवा रबराची नळी गुंडाळू नये. वेल्डिंग करताना केबल बाजूला घ्यावी.

तपासणी पाइप थंड असतानाच करावी. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली शिरू नये. स्टँड लावावेत आणि जमिनीवरच्या चाकांना अडण घालावी. अस्तर वितळलेल्या केबलमध्ये तेल सोडून उपयोग नाही, ती बदलावीच लागते. नवी केबल टाकल्यावर आधी ड्रममधील ब्रेक शू जुळवावेत, मग केबलचा ताण. शू झिजले म्हणून केबलच ओढत राहणे चुकीचे आहे.

दुरुस्तीला आलेली गाडी ही आपल्याकडे अमानत आहे. पत्रा नसलेली गाडी दिसली तर ग्राहकाने विचारले नाही तरी त्याला सांगावे. ऐब झाकून दिलेल्या कामाची कमाई बरकतीची नसते. पत्र्याच्या कामाचे पैसे थोडेच मिळतील, पण त्या गॅरेजवर लोकांचा भरवसा बसेल, आणि धंदा शेवटी भरवशावरच चालतो.