द्राक्षरस आंबतो कसा आणि टिकतो कसा

नाशिक व तासगांव या बाजूचीं द्राक्षें बाजारांत येऊं लागलीं म्हणजे घरोघरीं त्यांच्या टोपल्या दिसूं लागतात. द्राक्ष हें नाशवंत फळ. म्हणून तें सुकवून त्याचे बेदाणे करितात, किंवा त्याचा रस काढितात. परंतु हा रस मोठा विलक्षण पदार्थ आहे. काढून उघडा ठेविला तर दोन-तीन दिवसांत तो फेंसाळूं लागतो, त्याची गोडी उतरते व त्यास उग्र वास येतो. आणखी कांहीं दिवस तसाच राहूं दिला तर तो शिरक्यासारखा आंबट होतो. एकाच भांड्यांत, कोणीं कांहीं न घालतां, सरबत, मद्य व शिरका हे तीन पदार्थ एकामागून एक कसे बनतात? वसई, मुंबई व गोवें येथील कित्येक ख्रिस्ती कुटुंबांत नाताळाकरितां घरीं द्राक्षमद्य करण्याची चाल आहे. त्यामुळें हा प्रश्न विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. त्याचें उत्तर पालकांसहि उपयोगी पडेल अशा समजुतीनें आम्ही तें येथें देत आहों.

पिकलेल्या द्राक्षाच्या रसांत शेंकडा १५ ते २५ भाग साखर असते. द्राक्षशर्करा व फलशर्करा अशा तिच्या दोन जाती आहेत. ही साखर ज्यांचें अन्न आहे असे अतिसूक्ष्म, एकपेशीय जीव मळ्यांतील धुळींत, फळांच्या सालीवर व रस काढण्याच्या भांड्यांत असतात. त्यांस किण्व किंवा यीस्ट म्हणतात. पाव फुगविण्यास बेकरीवाले जें यीस्ट वापरतात तें याच कुळांतलें. द्राक्ष फुटून रस बाहेर येतांच किण्वास मेजवानीच मिळते. तें साखर खातें, झपाट्यानें वाढतें, आणि साखरेचे दोन पदार्थ करून टाकितें: एक मद्यार्क व दुसरा कार्बन डायऑक्साइड वायु. हिशेबानें पाहिलें तर १०० ग्रॅम द्राक्षशर्करेपासून सुमारें ५१ ग्रॅम मद्यार्क व ४९ ग्रॅम वायु निघतो. रसावरील फेंस म्हणजे या वायूचे बुडबुडे होत. मद्यार्काचें प्रमाण शेंकडा १५ च्या सुमारास गेलें म्हणजे बहुतेक किण्वाचें कार्य थांबतें. आपणच केलेलें विष त्यास बाधतें! त्यानंतर हवा लागत राहिली तर दुसऱ्या जातीचे जंतु मद्यार्काचा शिरका करितात.

ही क्रिया आपल्या देशांतहि पुरातन काळापासून परिचित आहे. सूर्योदयापूर्वीं उतरलेली ताडाची गोड नीरा ऊन चढतांच आंबून ताडी होऊं लागते, ती याच किण्वाच्या योगानें. द्राक्षासव करितांना वैद्य धायटीचीं फुलें घालितात, तीं क्रिया चालू करण्यासाठींच. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत भरूं नये हा शुभवर्तमानांतील दाखला आपण सर्वांनीं ऐकलेला आहे. त्याचें मर्महि येथें उलगडतें. नव्या चामड्यास ताण असतो; आंतील वायु वाढला तरी तें पसरतें. जुनें चामडें कडक झालेलें असतें, म्हणून तें फुटतें. आंबत असलेला रस कांचेच्या बाटलींत घट्ट बूच मारून ठेवणें हेंहि तसेंच. बाटली फुटून डोळ्यांस इजा होण्याचें भय असतें.

आंबण्याचें हें गूढ उलगडण्याचें मोठें श्रेय फ्रान्समधील लुई पाश्चर यांस आहे. पूर्वीं लीबिग यांच्यासारखे नामांकित रसायनशास्त्रज्ञ असें मानीत कीं, आंबणें ही केवळ रासायनिक कुजण्याची क्रिया आहे. पाश्चर यांनीं सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानें दाखवून दिलें कीं, तें जिवंत किण्वाचें कार्य आहे. १८६३ सालीं फ्रान्सचे बादशहा तिसरे नेपोलियन यांनीं मद्य बिघडण्याचें कारण शोधण्याचें काम त्यांजकडे सोंपविलें. सुमारें ५० ते ६० अंश सेंटिग्रेडपर्यंत तें तापविलें असतां बिघाड करणारे जंतु मरतात असें त्यांस आढळलें, आणि १८६६ सालीं त्यांनीं या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आज दूध टिकविण्यासाठीं जी पाश्चरीकरणाची रीत वापरतात, ती यांतूनच निघाली. पुढें १८९७ सालीं जर्मनींत बुखनर यांनीं किण्व वाटून काढलेल्या निर्जीव रसानेंहि साखर आंबते असें सिद्ध केलें. म्हणजे खरें कार्य करणारे पदार्थ किण्वाच्या पेशींत असतात, व लीबिग यांच्या म्हणण्यांतहि कांहीं सत्यांश होता.

पाश्चर यांच्या शोधाचा उपयोग अमेरिकेंतील एका दंतवैद्यानें निराळ्याच हेतूनें केला. न्यू जर्सी प्रांतांतील व्हाइनलँड गांवीं डॉ. टॉमस वेल्च हे मेथॉडिस्ट मंडळीच्या प्रभुभोजनाची व्यवस्था पाहात. पवित्र प्याल्यांत मद्य असूं नये असें त्यांस वाटे. १८६९ सालीं त्यांनीं काँकर्ड जातीच्या द्राक्षांचा रस गाळून बाटल्यांत भरला, बुचें बसविलीं व त्या बाटल्या उकळत्या पाण्यांत ठेविल्या. किण्व मेलें, व रस गोडच राहिला. आरंभीं मंडळ्यांनीं त्याचें फारसें स्वागत केलें नाहीं. परंतु त्यांचे पुत्र चार्ल्स यांनीं तो उद्योग वाढविला, आणि १८९३ च्या शिकागो येथील प्रदर्शनानंतर त्या रसाची प्रसिद्धि झाली.

ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. आमच्या माहितींतील एका गृहस्थांनीं मोठ्या कष्टानें दारू सोडिली होती. ते उपासनेस नियमानें येत. पण प्रभुभोजनाच्या दिवशीं मात्र मागच्या बांकावरून उठून जात. त्या एका घोटाच्या वासानें जुनी तहान जागी होईल, अशी त्यांस धास्ती वाटे. पुढें मंडळींत न आंबविलेला रस देऊं लागले, तेव्हां ते प्रथमच आपल्या पत्नीच्या शेजारीं शेवटपर्यंत बसले. शिवाय, १९४९ च्या दारूबंदी कायद्याअन्वयें महाराष्ट्रांत परवान्याशिवाय घरीं मद्य तयार करणें हा गुन्हा आहे, हेंहि पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां रस टिकविण्याची रीत सांगतों. दोन किलो पिकलेलीं काळीं द्राक्षें निवडून, देंठ काढून स्वच्छ धुवावीं. भांडें स्टेनलेस पोलादाचें घ्यावें. तांब्यापितळेचें घेऊं नये, कारण फळांतील आम्ल त्या धातूंस खातें. द्राक्षें चेंचून, दोन पेले पाणी घालून मंद विस्तवावर दहा मिनिटें तापवावीं. वाफ यावी, पण खळखळून उकळी येऊं देऊं नये. सालीचा रंग रसांत उतरतो तो यामुळेंच. मग ओल्या स्वच्छ फडक्यांतून रस गाळून एक दिवस शीतकपाटांत ठेवावा. तळाशीं बारीक खडे जमतात. ते द्राक्षाम्लाचे क्षार असून निरुपद्रवी असतात. वरचा निवळ रस हलकेच ओतून घ्यावा, पुन्हां तापवून, उकळत्या पाण्यांत धुतलेल्या जाड कांचेच्या बरण्यांत गरम असतांच भरावा, व वर अर्धें बोट जागा सोडून झांकणें लावावीं. मोठ्या पातेल्यांत तळाशीं घडी घातलेलें फडकें ठेवून त्यावर बरण्या ठेवाव्या. पाणी झांकणांच्या वर असावें. उकळी फुटल्यापासून दहा मिनिटें मोजून त्या काढाव्या व वारा न लागेल अशा जागीं निवूं द्याव्या. उघडलेली बरणी शीतकपाटांत ठेवून चार-पांच दिवसांत संपवावी. झांकण फुगलें किंवा रसांत बुडबुडे दिसले तर तो रस चाखूनहि न पाहतां टाकून द्यावा.

विद्यार्थ्यांनीं वडील माणसांच्या देखरेखीखालीं एक प्रयोग अवश्य करून पाहावा. दोन लहान बाटल्यांत सारखाच ताजा रस घालून तोंडाशीं कापसाचे बोळे बसवावे. एक बाटली तशीच ठेवावी. दुसरी अर्धा तास उकळत्या पाण्यांत उभी करावी. पांच दिवस रोज दोहोंकडे पाहून काय दिसतें तें वहींत टिपावें, व शेवटीं दोन्ही रस ओतून टाकावे. बाटल्या एकाच फडताळांत राहतील, रसहि एकाच घडाचा असेल. तरी एक फेंसाळेल आणि दुसरी शांत राहील. त्याचें कारण कोणीं विचारलें, तर आतां तें आमच्या विद्यार्थ्यांस सांगतां येईल, अशी आम्हांस खात्री आहे.