एका गाठीची दोन रूपे

ऐन दिवाळीत दुखण्याखुपण्याच्या गोष्टी कशाला, असे कुणी म्हणेल. पण घरातल्या थोरल्या बायका निवांत भेटतात त्या याच चार दिवसांत; म्हणून विषय आजच काढते.

स्त्रीच्या अंडाशयात, बहुधा पाळी गेल्यानंतर आणि पुष्कळदा साठीच्या पुढे, एक विरळा कर्करोग होतो. नाव कार्सिनोसार्कोमा. अंडाशयाच्या शंभर कर्करोगांत हा एक ते चार. मी मराठी शिकवते. साहजिकच मला आधी त्या नावातला समास दिसला. ‘कार्सिनोमा’ हा अवयवांच्या अस्तरातील पेशींचा कर्करोग. ‘सार्कोमा’ हा स्नायू, हाड, कूर्चा यांसारख्या आधार देणाऱ्या भागांचा. या गाठीत दोन्ही असतात. सूक्ष्मदर्शकाखाली अंडाशयाच्या गाठीत कधीकधी चक्क कूर्चा दिसते!

बरीच वर्षे अनेक डॉक्टरांना हा द्वंद्व समास वाटे; दोन स्वतंत्र रोग शेजारी शेजारी नांदणारे. पुढे दोन्ही भागांतील जनुके ताडून पाहिली, तेव्हा बहुतेक गाठींत मूळ एकच निघाले. कार्सिनोमाच्याच काही पेशी रूप पालटून सार्कोमासारख्या होतात. एकाच धातूची दोन रूपे म्हणा ना! ही नुसती शब्दांची चर्चा नव्हे. उपचाराची दिशाही त्याला धरूनच आहे: शस्त्रक्रियेने शक्य तेवढी गाठ काढायची आणि मग बहुधा अंडाशयाच्या नेहमीच्या कर्करोगाचीच औषधे, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, द्यायची.

तरीही रोग जहाल, आणि बहुतेकींना तो पसरल्यावरच कळतो. सुरुवातीची लक्षणे किरकोळ वाटतात: पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोट दुखणे, वारंवार लघवीला लागणे. माझ्या एका मावशीने सहा महिने ‘वात धरलाय’ एवढेच म्हटले. ‘अंडाशय’ हा शब्द तिने उभ्या जन्मात उच्चारला नव्हता. पाळी गेली म्हणजे त्या अवयवाचे कामच संपले, मग तो दुखेल कसा, अशी तिची समजूत. ज्याला घरगुती नावच नाही, त्याची तक्रार करायची कशी? डॉक्टरांकडे नेली तेव्हा पोटात पाणी झाले होते. पुढचा पाडवा तिने पाहिला नाही.

निरोगी बाईत हा रोग आधीच हेरणारी खात्रीची चाचणी अजून नाही. गर्भाशयमुखाच्या पॅप चाचणीतही तो कळत नाही. तेव्हा लक्ष आपणच ठेवायचे. पन्नाशीनंतर असा त्रास नव्याने सुरू होऊन तीन-चार आठवडे जवळजवळ रोज होत राहिला, तर ओवा-हिंग पुरे करून डॉक्टर गाठावा. रक्ताची सीए-१२५ चाचणी आणि सोनोग्राफी यांविषयी विचारावे. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाऊ लागले, तर मुळीच थांबू नये. बहुधा साधेच काही निघेल. निघाले तर गोड मानावे.

यंदा फराळाला बसल्यावर आई, मावशी किंवा आत्या अर्ध्या करंजीतच ‘पोट भरलं गं’ म्हणाली, तर आग्रह जरा बाजूला ठेवा आणि ‘असं कधीपासून होतंय?’ एवढे विचारा.