शेवटचे तीन आठवडे : कमी धावण्याचं शास्त्र

डिसेंबर सरत आला की पहाटेच्या अंधारात मरीन ड्राइव्हवर जोडीजोडीने धावणारी माणसं वाढतात. 2004 साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. 42.195 किलोमीटरच्या पूर्ण शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी हे तयारीचे शेवटचे आठवडे. या दिवसांत दोन मित्रांमध्ये एक संवाद हमखास होतो : ‘‘परवाचा तीसचा रन जडच गेला रे. रविवारी अजून एक बत्तीस मारू या का?’’ समोरचाही धास्तावलेलाच असतो. तो ‘चल’ म्हणतो, आणि अनेक महिन्यांची मेहनत पणाला लागते.

शेवटच्या आठवड्यांत सराव वाढवून शर्यतीची वेळ सुधारत नाही. तो कमी करून सुधारते. आणि ऐन उमेदीच्या वेळी स्वतःला आवरायला चांगल्या जोडीदारासारखा आधार नाही. या दोन्ही गोष्टींना शास्त्राचा पाया आहे.

अंतर निम्मं, वेग तोच

लांब पल्ल्याच्या धावण्यात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि त्यांच्यातला इंधनसाठा आटतो. शरीर नंतर जी डागडुजी करतं, तिच्यातून ताकद वाढते. पण ही डागडुजी एका रात्रीत होत नाही. शर्यतीच्या आठवडाभर आधी मारलेल्या लाँग रनचा थकवा शर्यतीपर्यंत टिकतो, फायदा मात्र तोवर पदरात पडत नाही. म्हणूनच शेवटचा मोठा रन साधारण तीन आठवडे आधी उरकतात आणि मग सराव उतरता ठेवतात. धावपटू याला टेपर म्हणतात.

किती उतरवायचा? लॉरेंट बॉस्के आणि सहकाऱ्यांनी 2007 साली धावपटू, जलतरणपटू आणि सायकलपटूंवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सर्वाधिक फायदा दिसला तो दोन आठवड्यांच्या टेपरमध्ये. एकूण अंतर 41 ते 60 टक्क्यांनी कमी केलेलं, पण धावण्याचे दिवस आणि वेगवान सरावाची तीव्रता कायम ठेवलेली. म्हणजे आठवड्याला 60 किलोमीटर धावणाऱ्याने 25 ते 35 किलोमीटरवर यायचं. बूट मात्र कोपऱ्यात टाकून द्यायचे नाहीत. टेपरने कामगिरी साधारण दोन-तीन टक्क्यांनी सुधारते. आकडा किरकोळ वाटेल, पण चार तासांत शर्यत पूर्ण करणाऱ्यासाठी दोन टक्के म्हणजे जवळपास पाच मिनिटं.

एका सायकलवर दोघे

विश्रांतीच्या या दिवसांत स्नायूंत काय घडतं, हे कळण्यात स्वीडनमधल्या दोन सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. योनास बेर्गस्त्रोम आणि एरिक हुल्टमन यांनी 1966 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग स्वतःवरच केला होता. व्यायामाच्या एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघं बसले. प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारलं, दुसरा पाय निवांत ठेवला. पाय पार थकेपर्यंत हे चाललं. पुढचे तीन दिवस कर्बोदकांनी भरलेला आहार आणि विश्रांती. या काळात ते सुईने मांडीच्या स्नायूचा इवलासा तुकडा काढून त्यातलं ग्लायकोजेन मोजत राहिले. ग्लायकोजेन म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर. थकलेल्या पायात ते आधी जवळजवळ संपलं होतं. तीन दिवसांनी त्याच पायात निवांत पायाच्या सुमारे दुप्पट साठा जमला. रक्त तेच, जेवण तेच, तरी फरक इतका. मेहनत केलेला स्नायू विश्रांती आणि पिष्टमय अन्न मिळालं की नेहमीपेक्षा जास्त इंधन भरून घेतो, हे त्यातून सिद्ध झालं.

मॅरेथॉनला हा साठा का लागतो, ते साध्या हिशेबात कळतं. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. 60 किलोच्या माणसाला पूर्ण शर्यतीत अडीच हजार लागतात. यकृत आणि स्नायूंत मिळून साधारण 500 ग्रॅम ग्लायकोजेन असतं, म्हणजे दोन हजार किलोकॅलरी. उरलेली ऊर्जा चरबीतून मिळते, पण ती हळू मिळते. त्यामुळे साठा आटला की तिशीच्या पुढच्या किलोमीटरांत पाय अचानक शिशाचे होतात. मुंबईत पेडर रोडचा चढ नेमका त्याच टप्प्यात येतो.

म्हणून शेवटचे दोन दिवस रोज वजनाच्या दर किलोमागे 10 ते 12 ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत, असं क्रीडा-आहारशास्त्र सांगतं. 60 किलोच्या माणसाला हे किमान 600 ग्रॅम. शिजवलेल्या 100 ग्रॅम भातात ती जेमतेम 28 ग्रॅम असतात. तेव्हा भात, पोहे, उकडलेले बटाटे, केळी, गूळ असं दिवसभर थोडं थोडं खावं. तेल-तूप आणि चोथा कमी ठेवावा. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं, त्यामुळे वजन किलोभर वाढलं तर घाबरू नये.

बोलता येतंय ना?

आता जोडीदाराचं काम. सोप्या दिवसाचा रन खरोखर सोपा आहे का, हे तपासायला घड्याळापेक्षा गप्पा बऱ्या. बोलायचं तर श्वास रोखून तो हळूहळू सोडावा लागतो. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की स्नायूंत आम्ल वाढतं, जास्तीचा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी श्वास भराभर होतो आणि लांब वाक्य पुरं होत नाही. ‘‘काल ऑफिसात... साहेब... म्हणाले...’’ असे तुकडे पडू लागले की वेग कमी करायचा. दोघांपैकी जो हळू धावतो, त्याच्या वेगाने जायचं. वेगाचा सराव ज्याचा त्याने वेगळा करावा.

सोबतीत एक धोकाही आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 12 नौकाचालकांकडून रोइंग यंत्रावर एकदा एकट्याने आणि एकदा संघात, एकतालात सराव करून घेतला. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला बांधून, तो किती आवळेपर्यंत सोसवतो हेही मोजलं. संघात वल्हवल्यावर वेदना सोसण्याची क्षमता जास्त वाढली होती. शरीरातलं एंडॉर्फिन हे त्याचं कारण असावं, असं त्यांचं मत पडलं. प्रयोग छोटा आहे, पण जोडीने धावणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. सोबत असली की दुखणं कमी जाणवतं आणि वेग नकळत वाढतो. शर्यतीत हे वरदान आहे, टेपरमध्ये घातक. म्हणून गप्पा चालू ठेवा.

शर्यतीच्या दिवशी

कुठवर बरोबर राहायचं आणि कुठून ज्याने त्याने पुढे जायचं, हे आधीच ठरवा. पाण्याबद्दलही बोलून घ्या. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉननंतर 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्के लोकांत सोडियम कमी आढळलं. त्याचं मुख्य कारण होतं गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं. मुंबईच्या दमट हवेत प्रत्येक थांब्यावर पेला रिकामा करण्याचा मोह होतो. तहानेप्रमाणेच प्या. मळमळ, डोकेदुखी, असंबद्ध बोलणं ही सोडियम उतरल्याची लक्षणं धावणाऱ्याच्या स्वतःच्या आधी शेजारच्याला कळतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं : ताप असेल, छातीत दुखत असेल, पाऊल टाकताना कळ येत असेल, तर जोडीदाराला स्पष्टपणे थांबवा, आणि त्याने तुम्हाला थांबवलं तर ऐका. शर्यत पुढच्या जानेवारीतही आहे.