फेरारीलाही परत बोलावतात, बॉस!

२०१० साली हिंजवडीच्या ऑफिसात माझ्या कॉम्प्युटरवर वॉलपेपर होता लालभडक फेरारी ४५८ इटालियाचा. ५७० हॉर्सपॉवर, साडेतीन सेकंदांच्या आत शंभरचा स्पीड! माझा पगार बघता ही गाडी स्क्रीनवरच मिळणार होती, ते सोडा. तर सप्टेंबरातल्या एका सकाळी शेजारच्या क्युबिकलमधला मित्र खुर्ची फिरवून म्हणाला, "तुझी फेरारी पेटली रे!"

मला वाटलं, टिंगल करतोय. पण खरंच काही ४५८ गाड्यांना आगी लागल्या होत्या आणि तोवर बनलेल्या सगळ्या १,२४८ गाड्या कंपनीने परत बोलावल्या होत्या. कारण काय, तर गोंद! चाकाच्या कमानीतलं उष्णता अडवणारं आवरण गोंदाने चिकटवलेलं. ते खूप तापलं, की गोंद धुमसायचा आणि पेट घ्यायचा. मग गोंदाऐवजी धातूचे फास्टनर लावले. एवढंच!

तेव्हापासून मला या रिकॉलच्या बातम्या वाचायचा नादच लागला. २०१४ मध्ये पोर्शे ९११ जीटी३ च्या दोन गाड्या युरोपात पेटल्या. कनेक्टिंग रॉडचे स्क्रू ढिले होऊन इंजिन फुटत होतं आणि सांडलेलं ऑइल पेट घेत होतं. कंपनीने त्या मॉडेलच्या ७८५ मालकांना सांगितलं, गाडी चालवू नका. नंतर सगळ्या गाड्यांची इंजिनं बदलून दिली. त्याच वर्षी अॅस्टन मार्टिनने १७,५९० गाड्या बोलावल्या. जेम्स बाँडच्या कंपनीच्या अॅक्सिलरेटर पेडलमध्ये निघालं चक्क बनावट प्लॅस्टिक! आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या २३,५५५ फेरारी परत आल्या, त्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणामुळे. झाकणातून हवा नीट आत-बाहेर झाली नाही, तर ब्रेक ऑइल गळू शकत होतं.

कोट्यवधींची गाडी आणि भांडण कसलं? गोंद, स्क्रू, झाकण!

हे सगळं मी चवीने वाचायचो आणि मित्रांना ऐकवायचो. मग माझी पाळी आली.

माझी गाडी साधी, सेकंडहँड हॅचबॅक. एका संध्याकाळी जुन्या मालकाचा फोन आला. "अहो, कंपनीचं पत्र आलंय माझ्याकडे. फ्युएल पाइप तपासायचाय म्हणे." मी "हो हो, बघतो" म्हटलं आणि विसरलो. अप्रेझल, रिलीज, लेकीचा वाढदिवस. तीन महिने गेले. रोज त्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून लेक शाळेत जात होती.

शेवटी गेलो. मेकॅनिकने पाइपवरून बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. बोट ओलं होतं, पेट्रोलचा वास येत होता. तो काहीच बोलला नाही. मीही नाही. अर्ध्या तासाचं काम, बिल शून्य.

तेव्हा लक्षात आलं, चूक महागड्या गाडीतही होते. फरक पडतो तो निरोप कोणापर्यंत पोचतो आणि तो काय करतो यामुळे. ७८५ पोर्शेवाल्यांना गाठणं सोपं. आपल्या सेकंडहँड गाडीचं पत्र मात्र तिसऱ्याच पत्त्यावर जातं!

आपल्याकडेही एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीला सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं, १ कोटीपर्यंत दंडही आहे. पण पत्र उघडायची सक्ती कोण करणार? तेव्हा मंडळी, आरसी बुक काढा, चेसिस नंबर बघा आणि कंपनीच्या वेबसाइटवर टाका किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा. नाव ट्रान्सफर झालं असेल तर नवा पत्ता, नवा मोबाइल नंबरही कळवा. पाच मिनिटं लागतात.

मी तीन महिने लावले. तुम्ही लावू नका.