तुरा खोवावा, रोवू नये

दहावीचा निकाल लागला की ‘शाळेच्या शिरपेचात मानाचा तुरा रोवला’ अशी बातमी हमखास येते. वाक्य कौतुकाचं आहे, क्रियापद मात्र चुकीचं. झेंडा रोवतात, खांब रोवतात, तुरा खोवतात.

शिरपेच म्हणजे पगडीवर, कपाळाच्या वर बांधायचा रत्नजडित दागिना. फारसीत ‘सर’ म्हणजे डोकं आणि ‘पेच’ म्हणजे पीळ, वेढा. पतंगाचा, कुस्तीचा पेच तोच. मराठीने ‘सर’ काढून आपलं ‘शिर’ बसवलं आणि शब्द घरचा झाला. ‘शिरपाव’ हा त्याचा भाऊबंद, पण अर्थ वेगळा. मूळ ‘सरापा’, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत. दरबारातून बक्षीस मिळणारा पूर्ण पोशाख. शिरपेच आणि शिरपाव दोन्ही राजाच्या हातून मिळायचे आणि त्यावरून माणसाचा दर्जा ओळखला जायचा.

डोक्यावरच्या मानाची आणखी एक खूण पाहायला आता मालवणला या आणि होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जा. किल्ल्याचं बांधकाम 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर सुरू झालं. आतलं शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांच्या काळातलं, 1695 मधलं. तिथे शिवरायांचं दर्शन घडतं ते बहुधा मुखवटा आणि जिरेटोप चढवलेल्या रूपाचं. मुखवट्याआडच्या पाषाणमूर्तीला दाढी नाही. डोक्यावर दर्यावर्दी माणसाची टोपी आहे, असं इथे सांगतात. ‘जिरेटोप’ हा शब्दही लढाईतून आलेला: जिरह म्हणजे लोखंडी कड्यांचं चिलखत.

मानाची खूण काळाबरोबर जागा बदलते. 4 डिसेंबर 2023 रोजी मालवणजवळच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन साजरा झाला. नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पदचिन्हांत शिवरायांच्या वारशाची छाप दिसेल, असं पंतप्रधानांनी तिथेच जाहीर केलं. त्याच महिन्यात अ‍ॅडमिरलांच्या नव्या पदचिन्हांवर राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. शिरपेच डोक्यावर होता, पदचिन्ह खांद्यावर आहे. पण दोन्हींचा नियम एकच. ती खूण आपली आपण लावून घेता येत नाही.

म्हणून क्रियापद जपायला हवं. रोवण्यात जागा ताब्यात घेणं आहे. खोवण्यात दुसऱ्याचा हात आहे: कुणीतरी जवळ येतं, आपण मान थोडी खाली करतो आणि तुरा पगडीच्या पेचात अलगद बसतो. पुढच्या निकालाला शाळेचं कौतुक करताना एवढं एक अक्षर बदलू या.